अंगावर न आलेला माणूस

२००७ च्या सप्टेंबरात मी जर्सी सिटीत राहायला आलो. जर्नल स्क्वेअरच्या मागच्या एका गल्लीत तिघांत मिळून एक फ्लॅट होता. खाली उतरलं की नेवार्क अॅव्हेन्यूवर कढीपत्त्यापासून पेढ्यांपर्यंत सगळं मिळायचं, त्यामुळे परदेशात आल्यासारखं फार वाटत नव्हतं. ते वाटायचं सकाळी. पाथची गाडी पकडायची, हडसन नदीच्या पोटातून पलीकडे जायचं, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या त्या भल्यामोठ्या खड्ड्यातल्या तात्पुरत्या स्टेशनावर उतरायचं आणि चालत एका बँकेच्या इमारतीत शिरायचं. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर साठीचा एक गृहस्थ बसायचा. जन्म क्वीन्सचा, अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू यॉर्क जायंट्स या संघाचा कट्टर भक्त. जायंट्स पूर्वी यांकी स्टेडियमवर खेळायचे, तेव्हापासून वडिलांचं बोट धरून जायचा. आता या संघाचं नाव न्यू यॉर्कचं आणि मैदान न्यू जर्सीच्या दलदलीत, याचा त्याला राग होता आणि तो दर सोमवारी व्यक्त व्हायचा.

‘ज्या खेळात पाय जवळजवळ लागतच नाही त्याला फुटबॉल का म्हणतात?’ असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्याने ते मनावर घेतलं. दुपारी कँटीनमध्ये मला समोर बसवून साखरेच्या अकरा पुड्या एका बाजूला मांडल्या, दुधाच्या अकरा डब्या दुसऱ्या बाजूला, आणि कॉफी ढवळायच्या काडीने शिकवायला सुरुवात केली.

ही मागची एकटी डबी म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू याच्या हातात येतो. पुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे. समोरच्या अकरा पुड्यांपैकी साधारण चार त्या भिंतीवर धडकतात, उरलेल्या सात मागे राहून मैदान राखतात. चौघांना अडवायला पाच, म्हणजे हिशेब क्वार्टरबॅकच्या बाजूचा. त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढे पळणाऱ्या साथीदारांपैकी कोण मोकळा होतोय ते बघायचं आणि चेंडू फेकायचा.

मग त्याने मागच्या पुड्यांतल्या दोन उचलल्या आणि सरळ भिंतीवर आणून आपटल्या.

‘आता आले सहा. अडवायला पाच. एक जण मोकळा. तो कुठे जाणार?’

‘डबीवर,’ मी म्हटलं.

‘हा ब्लिट्झ.’ जर्मन भाषेत याचा अर्थ वीज. मी पुढे सरकलेल्या पुड्यांकडेच बघत होतो. त्याने काडी उलटी धरली आणि मागे, त्या पुड्या जिथून उचलल्या होत्या तिथे टेबलावर दोनदा टकटक केली. ‘तिकडे काय बघतोस? इथे बघ. ते तिकडे गेले ना, मग इथे कोण आहे?’

तिथे कोणीच नव्हतं. सनमायकाचं टेबल होतं आणि कॉफीचा एक गोल डाग.

मी हसलो, कारण हे वाक्य मी अगदी याच अर्थाने आधी ऐकलेलं होतं, आणि तेही सांगलीत.

मी कॉलेजात कबड्डी खेळायचो. चढाई करणारा होतो. ‘तू क्रिकेटवाला असणार’ असं तो समजून चालला होता. मी नाही म्हटल्यावर त्याला कबड्डी दाखवणं भाग पडलं, म्हणून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत, फॉर्मल शर्ट-पँटमध्ये, तोंडाने कबड्डी-कबड्डी करत मी त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली. सुरक्षारक्षकाने खुर्चीतून अर्धवट उठून पाहिलं. पुढे कित्येक दिवस तो मला बघून ओठ हलवायचा.

आमचे सर फार बोलायचे नाहीत. मातीत उकिडवे बसून सराव बघायचे. नव्या पोराने पहिली चढाई केली की त्याला बोलावून सांगायचे, ‘अंगावर येतोय त्याच्याकडं काय बघतोस? तो उठून आला, मग त्याच्या मागं काय उरलंय ते बघ.’ सात जण समोर साखळी धरून उभे असतात. कोपऱ्यातला घोट्यावर झेपावला की कोपरा मोकळा होतो. मधला छातीवर आला की साखळी तुटते. सांगायला सोपं आहे. पण माणूस अंगावर येत असताना नजर त्याच्यावरून काढून रिकाम्या जागेवर ठेवणं हे शरीराच्या स्वभावाविरुद्ध आहे. डोळ्यांत कचरा जात असताना पापणी उघडी ठेवण्यासारखं.

दुसऱ्या वर्षी एका प्रकाशझोतातल्या सामन्यात डाव्या कोपऱ्याने माझा घोटा पकडला. पकड स्वच्छ होती, त्याची काही चूक नव्हती. मी वळायला आणि मधला माझ्यावर पडायला एकच गाठ पडली आणि गुडघा फिरला. सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या हंगामात परत उतरलो तेव्हा पाय ठीक होता, वेगही तोच होता. फक्त मी निदानरेषा ओलांडली की लगेच वळायला लागलो. पोरं ओरडायची, ‘अरे, कोण आलंच नव्हतं की!’ मला मात्र डावा कोपरा उठलेला दिसायचा. वाटायचा नव्हे, दिसायचा.

उपांत्य सामन्याची शेवटची चढाई माझी होती. एका गुणाने मागे होतो, दोन हवे होते. आत गेलो, उजवीकडे हूल दिली, आणि डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. मी वळून मध्यरेषा गाठली. मागे पाहिलं तर कोपऱ्यातला जिथल्या तिथे, कमरेवर हात ठेवून उभा होता. सरांनी पाण्याची बादली उचलली आणि ते चालते झाले. पुढच्या वर्षी मी खेळलो नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं.

त्यामुळे ३ फेब्रुवारी २००८ च्या रात्री मी जो सामना पाहिला, तो बाकीच्यांनी पाहिला त्यापेक्षा वेगळा होता असा माझा अजून समज आहे.

सामना अॅरिझोनातल्या ग्लेंडेलला होता, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. आम्ही सहकाऱ्याच्या तळघरात टीव्हीपुढे होतो. मी बटाटेवडे घेऊन गेलो होतो आणि तिथल्या मंडळींनी ते सालसात बुडवून खाल्ले. मला वाईट वाटलं. मग मीही एक तसा खाऊन पाहिला आणि गप्प बसलो.

समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स होते. हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकलेले, बाद फेरीतले दोन धरून अठरा. त्यांनी ५८९ गुण केले होते, तोवर कोणीच एका हंगामात इतके केले नव्हते. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. २००० साली खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर उचललेला हा पोरगा आता तीन सुपर बोल जिंकून बसला होता आणि त्या एका हंगामात त्याने ५० टचडाउन पास दिले होते. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या मैदानाच्या टोकापलीकडे नेणं. त्यातले २३ एकट्या रँडी मॉसला. त्यात सोळा सामन्यांत मिळून तो फक्त २१ वेळा सॅक झाला होता. सॅक म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला लोळवणं. चेंडू हातात येऊन दीड सेकंदही न होता कोणीतरी आपल्या बरगडीत घुसणार, ही भीती त्याला त्या वर्षी फारशी ठाऊकच नव्हती. सामन्याआधी जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने आपण २३-१७ ने जिंकू असं भाकीत केलं, तेव्हा ब्रेडीला हसू आलं होतं. आपण फक्त सतराच गुण करणार?

जायंट्सच्या बचावाचा आखणीकार स्टीव्ह स्पॅग्नुओलो. याचं शिक्षण फिलाडेल्फियात झालं, जिम जॉन्सन यांच्या हाताखाली. जॉन्सन म्हणजे ब्लिट्झचे मोठे वस्ताद. त्यांची खुबी माणसं पाठवण्यात होती, त्याहून जास्त कोण येणार हे लपवण्यात होती. सहा जण रेषेवर येऊन उड्या मारणार, चेंडू सुटला की त्यातले दोन मागे सरकणार आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं असा एक जण बाजूने घुसणार. स्पॅग्नुओलो २००७ मध्ये जायंट्सकडे आला. पहिल्या दोन सामन्यांत त्याच्या बचावाने ८० गुण दिले आणि माझा सहकारी दोन दिवस कोणाशी बोलला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकला त्यांनी एका सामन्यात १२ वेळा लोळवलं. एकट्या ओसी उमेनयोराने सहा वेळा. हंगाम संपेपर्यंत ५३ सॅक झाले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त.

साखळीतला शेवटचा सामनाही याच दोन संघांत झाला होता. जायंट्सची बाद फेरीतली जागा पक्की होती, त्यामुळे त्या सामन्याला तसा काही अर्थ नव्हता. प्रशिक्षक टॉम कॉफलिनने तरीही सगळे मुख्य गडी उतरवले आणि ३८-३५ असा हरला. आमच्या टेबलावर यावर मोठा वाद झाला होता. माझ्या मते सुपर बोल त्या रात्री अर्धा जिंकला गेला, कारण साठ मिनिटं समोरासमोर राहिल्यावर ब्रेडी हा देव नसून वेळ दिला तर देव असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सामना सुरू झाला. जायंट्सने चेंडू मिळाल्यावर चालीमागून चाल करत पहिलीच पाळी दहा मिनिटांना एक सेकंद कमी इतकी लांबवली आणि तीन गुण घेतले. ब्रेडीला मैदानात येऊच द्यायचं नाही, हाही एक बचावच. मग पेट्रियट्सने टचडाउन केला, ७-३. तळघरात शांतता. दुसऱ्या सत्रात ती दोन मिनिटं आली, ज्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

कविका मिचेल हा लाइनबॅकर, म्हणजे मागच्या सातांतला. तो सुटला आणि थेट ब्रेडीवर गेला. सॅक. पुढच्याच चालीत जस्टिन टक. पुन्हा सॅक. लागोपाठ दोनदा. पहिला मागून सुटून आला, दुसरा रोजच्या चौघांतला होता. दोघांना वेगवेगळ्या वाटेने येताना ब्रेडीने पाहिलं. आता पुढच्या प्रत्येक चालीआधी त्याला दोन्ही वाटा मोजाव्या लागणार होत्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो, प्रशिक्षक त्यातून चाल सांगतो. पण चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की ती लाइन बंद होते. त्यानंतर तो एकटा. त्या पंधरा सेकंदांत त्याने समोरच्या रांगेकडे बघून ओळखायचं की कोण येणार आणि कोण येण्याचं नाटक करतोय. बोट दाखवून आपल्या भिंतीला सांगायचं. एखाद्या साथीदाराला खूण करायची की ते आले तर तू लांब पळू नकोस, लगेच वळ, मी तुझ्याकडे टाकतो. ब्रेडी यात बाप होता. कॅमेरा जवळ गेला की त्याचे डोळे दिसायचे, डावीकडून उजवीकडे, मग परत. हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखे थंड. त्या रात्री दुसऱ्या सत्रानंतर ते डोळे बदलले असं मला वाटलं. पापण्या जास्त लवत होत्या असं नाही. पण चेंडू हातात आला की नजर क्षणभर खाली, अगदी पायाजवळ यायची आणि मग वर जायची.

मी ती नजर ओळखत होतो. मी वडा हातात धरून बसलो होतो, खाल्ला नाही.

मध्यंतराच्या तोंडावर टकने ब्रेडीच्या हातातून चेंडूच उडवला आणि उमेनयोराने तो उचलला. तिसऱ्या सत्रात मायकल स्ट्रेहॅनने त्याला लोळवलं. त्यापुढची चाल होती फोर्थ डाउन, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न, आणि जायचे होते १३ यार्ड. पेट्रियट्सचा प्रशिक्षक बिल बेलिचिक, त्याच्यासारख्या हिशेबी माणसाने साधारण पन्नास यार्डांवरून तीन गुणांची किक मारण्याऐवजी पास टाकायला लावला आणि तो वाया गेला. शेवटी ते तीनच गुणांनी हरले, हे आता लिहिताना उगाच मनात येतं.

आणि मजा अशी की जसजसा सामना पुढे गेला तसतसं जायंट्सना जास्त माणसं पाठवायची गरजच बऱ्याचदा पडली नाही. स्ट्रेहॅन, उमेनयोरा, टक असे तीन डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे एरवी रांगेच्या टोकाला उभे राहणारे गडी, एकाच वेळी पुढच्या चारांत उभे केलेले. धावायला हलके, त्यात टक तर भिंतीच्या मधोमध. चौघे यायचे आणि बाकीचे सात मागे थांबायचे, म्हणजे काडीने टकटक करायला रिकामी जागाच नाही. पण मिचेल रेषेजवळ येऊन उभा राहिला की ब्रेडीला तो मोजावाच लागायचा. तो आला नाही तरी.

ब्रेडी मोडला असं मात्र कोणी समजू नये. शेवटच्या सत्रात त्याने जे केलं ते मी शिकवणीसारखं परत परत पाहिलं आहे. त्याने लांब बघणंच सोडलं. चेंडू आला की टाकला, आला की टाकला. वेस वेल्करला पाच यार्ड, फॉकला सात. वेल्करने त्या रात्री ११ पास झेलले. ८० यार्ड असे चमच्या-चमच्याने संपवून मॉसला सहा यार्डांचा टचडाउन. पेट्रियट्स १४-१०, वेळ उरली २ मिनिटं ४२ सेकंद. माझ्या सहकाऱ्याने टीव्हीकडे पाठ केली.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. डेव्हिड टायरीने चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला तो ३२ यार्डांचा झेल, आणि ३५ सेकंद उरलेले असताना बरेसचा टचडाउन, १७-१४. त्या झेलाचा फोटो मी एका न्हाव्याच्या दुकानातही पाहिलाय. मला मात्र झेलाच्या आधीचे तीन सेकंद आवडतात. जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग, पेट्रियट्सच्या दोघांनी त्याची जर्सी मागून अक्षरशः मुठीत धरली होती आणि तो त्यातून निसटला. कबड्डीत कपडे धरायला बंदी आहे. मी तसं ओरडलोही, मराठीत. कोणाला कळलं नाही.

मग ब्रेडीकडे २९ सेकंद. दुसऱ्या चालीत जे अल्फर्ड नावाचा नवखा पोरगा मधून घुसला आणि त्याने ब्रेडीला पाठीवर पाडलं. त्या रात्रीचा पाचवा सॅक. त्यानंतर ब्रेडीने उठून मॉसकडे आकाशातून असा काही चेंडू फेकला, की ज्याने त्याला हरलेला मानलं त्याची जीभ टाळ्याला चिकटावी. जायंट्सच्या कोरी वेबस्टरची बोटं मध्ये आली. पुढचाही फसला. सामन्यात त्याने ४८ पैकी २९ पास पूर्ण केले, २६६ यार्ड. आकडे वाईट नाहीत. पण हंगामात सरासरी छत्तीस-सदतीस गुण करणाऱ्यांनी चौदा केले. त्याला ज्या सतराचं हसू आलं होतं, त्यालाही तीन कमी.

मंगळवारी ५ तारखेला ब्रॉडवेवर विजयाची मिरवणूक निघाली. आमच्या इमारतीच्या खिडक्यांतून लोक कापलेले कागद उधळत होते. माझ्या खांद्यावर पडलेल्या पट्टीवर कोणाच्या तरी बिलाची अर्धी रक्कम होती. सहकाऱ्याने मला कोपराने ढकलत पुढे नेलं आणि स्ट्रेहॅनची गाडी समोरून गेली तेव्हा तो माणूस लहान मुलासारखा नुसता हात हलवत राहिला, काही बोललाच नाही.

परतताना जिन्यात तो म्हणाला, ‘तुला मरिनो माहीत आहे?’ मग त्याने १९८५ ची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी नंतर स्वतः तपासून पाहिली, कारण म्हातारी माणसं रंगवून सांगतात. त्याने फारसं रंगवलेलं नव्हतं. शिकागो बेअर्सचा तो बचाव, बडी रायनने बांधलेला ‘फॉर्टीसिक्स’, डग प्लँकच्या जर्सीच्या आकड्यावरून नाव पडलेला. आठ-आठ माणसं रेषेवर येऊन उभी राहायची. बारा सामने झाले होते, बाराही जिंकले होते. आधीच्या दोन आठवड्यांत डॅलसला ४४-० आणि अटलांटाला ३६-०. २ डिसेंबरच्या सोमवारी रात्री ते मायामीत आले. समोर डॅन मरिनो, ज्याने आदल्या वर्षी ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास फेकले होते. मायामीच्याच १९७२ च्या संघाने सगळे सामने जिंकायचा विक्रम केला होता. त्यातले जुने खेळाडू आपला विक्रम राखायला सीमारेषेवर येऊन उभे राहिले होते.

मायामीचे प्रशिक्षक डॉन शुला यांनी तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पसरून उभे केले. आठ माणसं पुढे आणली तर या तिसऱ्याला कोण बघणार? कोणा लाइनबॅकरने त्याच्या मागे पळायचं? नॅट मूर मोकळा होत राहिला. मध्येच मरिनोला बाजूला पळवून टाकायला लावलं. आणि मरिनोचा हात असा, की चेंडू कानाजवळ आला म्हणेपर्यंत सुटलेला. वीज पडायची, पण झाड तिथून गेलेलं. मध्यंतराला ३१-१०, शेवटी ३८-२४. एक पास तर बेअर्सच्या डॅन हॅम्प्टनच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि मायामीच्या मार्क क्लेटनने झेलून टचडाउन केला, दैवही त्या रात्री कोणाच्या बाजूला होतं ते कळावं म्हणून. बेअर्स त्या वर्षी तो एकच सामना हरले आणि जानेवारीत सुपर बोल ४६-१० असा जिंकले. मरिनोला एकही सुपर बोल कधीच जिंकता आला नाही. या खेळात न्याय वगैरे शोधू नये.

सहकारी निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला. मी लग्न करून एडिसनला. खेळ बघणं चालू राहिलं. २१ ऑक्टोबर २०१९, सोमवार. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या मेटलाइफ स्टेडियमवर जेट्स विरुद्ध पेट्रियट्स. जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड तेव्हा २२ वर्षांचा. पेट्रियट्स त्या रात्री माणसांवर माणसं पाठवत होते, आणि कधी पाठवल्याचं नुसतं दाखवत होते. ३३-० असा निकाल लागला. ३२ पैकी ११ पास, चार प्रतिस्पर्ध्याच्या हातात. त्याच्या अंगावर टीव्हीचा माइक होता. बाकावर बसून तो सहज स्वतःशी बोलावं तसं बोलला, ‘आय अॅम सीइंग घोस्ट्स.’ मला भुतं दिसतायत.

दुसऱ्या दिवशी देशभर त्याची टवाळी झाली. भुतांचे पोशाख घालून लोक फोटो टाकू लागले. हॅलोविन दहा दिवसांवर होतं, म्हणजे कपडे तयारच होते. त्याच्या क्लबलाही ते बोलणं बाहेर गेल्याचा राग आला. मी मात्र त्या रात्री सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी प्यालो. सांगलीत मला ते वाक्य सुचलं असतं तर? मी अभ्यासाचं कारण सांगितलं. या पोराने लाखो लोकांपुढे, अनवधानाने का होईना, खरं सांगितलं. पुढे २०२४ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना त्याच्या संघाने १४ सामने जिंकले. तिथे बचावाचा आखणीकार होता ब्रायन फ्लोरेस, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त माणसं अंगावर सोडणारा. म्हणजे सरावात त्याला कोणत्या भुतांशी गाठ पडत असेल ते बघा. आमच्याकडे विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात.

मधल्या काळात एक सुपर बोल असा झाला, की त्यात माझ्या सगळ्या समजुतीवर शिक्का बसला. फेब्रुवारी २०२१, टँपा. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स, या पिढीचा ब्रेडी म्हणावा असा. समोर टँपाचा बचाव टॉड बोल्सचा. बोल्स म्हणजे ब्लिट्झचा शौकीन. नोव्हेंबरात याच मैदानावर माहोम्सने त्याला त्या शौकाची किंमत मोजायला लावली होती, एकट्या टायरीक हिलने पहिल्या सत्रात २०३ यार्ड घेतले होते. मग सुपर बोलमध्ये बोल्सने काय केलं? तो जवळजवळ आलाच नाही. चौघे पुढे, बाकी सगळे मागे, हिलच्या डोक्यावर दोन-दोन पहारेकरी. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, म्हणजे भिंतीच्या दोन टोकांचे गडी, जखमी होते, त्यामुळे ते चौघेच भिंतीला पुरून उरले. माहोम्स मागे मागे, गोल गोल पळत राहिला. एकदा तर जमिनीला समांतर, हवेत आडवा असताना त्याने चेंडू फेकला आणि तो बरोबर साथीदाराच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटला. काय फेक होती! वाया गेली. ३१-९. आणि त्या रात्री जिंकणाऱ्या बाजूचा क्वार्टरबॅक होता ४३ वर्षांचा टॉम ब्रेडी. समोर पळणाऱ्या त्या पोराला बघताना त्याला ग्लेंडेल आठवलं असेल का, कोण जाणे. हरलेल्या कॅन्सस सिटीच्या बचावाचा आखणीकार तर स्पॅग्नुओलोच होता.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती फ्लॅग फुटबॉल खेळते. धक्काबुक्की नाही, कमरेला लावलेली फीत ओढायची की झालं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ येणार म्हणून शाळाशाळांत मुली घुसल्या आहेत. ही क्वार्टरबॅक आहे, आणि ते मी सुचवलेलं नाही. या प्रकारात अंगावर येणाऱ्याने सात यार्ड मागून निघायचं असतं. शनिवारी परसात ती पावलं मोजते, सातव्या पावलावर पाण्याची बाटली ठेवते आणि मला तिथे उभं करते. बायको शेडजवळ रिसीव्हर.

परवा मी बाटलीपासून दोन पावलं आलो आणि थांबलो. मुद्दाम. तिने चेंडू छातीशी ओढून घेतला, मान खाली, आणि तो तिच्याच पायावर पडला.

‘बाबा, तू आला का नाहीस?’

‘गुडघा दुखतोय,’ मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं.

‘मग येतोय असं का केलंस?’

याला उत्तर नव्हतं. तिने बाटली सरळ केली, चेंडूवरचं गवत पुसलं आणि परत जागेवर गेली. हात वर करून म्हणाली, ‘आता खरंच ये.’ मी धावलो. या वेळी गुडघ्याचा विचार न करता, कॉलेजात धावायचो तसा. तिचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी होते. मी तिच्या फितीला हात घातला तेव्हा चेंडू कधीच गेलेला होता आणि मागून बायकोचा आवाज आला, ‘अगं हळू! बोट मोडशील माझं.’